नागपूरचे पाच दिवस: कूलर, चिंचोके आणि आशाताईंच्या मागे मागे

सांगलीहून नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक रात्र आणि दुसरा जवळजवळ अख्खा दिवस. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुली आणि त्यांची शिक्षिका मी, अशा आम्ही पाच जणी. ‘प्राथमिक आरोग्य सेवा’ हा धडा मी दरवर्षी शिकवते. तो दारात कसा घडतो ते मुलींना दाखवायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही बऱ्याच वर्षांनी पाहायचं होतं. दोन दिवस शहरातली एक वस्ती, तीन दिवस रामटेकच्या बाजूचं एक गाव, असा बेत होता.

जुलैचा पहिला आठवडा मुद्दाम धरला होता. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी कुणाच्या दारात जाणं म्हणजे त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही. जुलैत पाऊस सुरू झालेला असतो, घाम फार येतो पण चालता येतं. शिवाय डेंगीचे रुग्ण पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात वाढतात, पण डासांची तयारी आताच चाललेली असते. ती बघायची तर हाच काळ.

जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट परवानगीची. शहरातल्या वस्तीसाठी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र लागतं, खेड्यासाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं. ही दोन वेगळी घरं आहेत. मी एकाच पत्रात दोन्ही लिहून टाकलं होतं, त्यात पहिली सकाळ गेली. दोन पत्रं करा, निदान महिनाभर आधी पाठवा आणि हातात शिक्का मारलेली प्रत ठेवा.

मुक्कामाला सीताबर्डी बरी. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे भेटतात, नाश्त्याला तर्री पोहे मिळतात. तर्री तिखट असते, ‘कमी टाका’ म्हणायला लाजू नका. आणि ऑटोवाल्याला सरकारी दवाखान्याचं पूर्ण नाव सांगू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे इथे ‘मेडिकल’ आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे ‘मेयो’. आम्ही लांबलचक नाव सांगितलं तर तो आमच्याकडे बघतच राहिला.

आता वस्ती. मुलींनी डेंगीवर चार रंगीत पोस्टर करून आणली होती: कुंडीखालची बशी, जुना टायर, नारळाची करवंटी. समाजमंदिरात वीसेक बायका जमल्या. मी वीस मिनिटं बोलले, त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एक आजी म्हणाल्या, “बरं सांगतलं मॅडम, पण कुंड्या कोनाकडं आहेत इथं?” खरंच नव्हत्या. घराबाहेर चपला ठेवायची मारामार, कुंडी कुठे ठेवणार?

वस्तीच्या आशाताई (‘आशा’ म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य स्वयंसेविका) काही बोलल्या नाहीत. आम्हाला घेऊन गल्लीत शिरल्या आणि तिसऱ्या घराच्या खिडकीला टेकलेल्या पत्र्याच्या कूलरपाशी थांबल्या. सांगलीत कूलर इतके नाहीत, नागपुरात मात्र घर केवढंही असो, कूलर असतोच. पाऊस आला की बंद होतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच उभा राहतो, टाकीतल्या पाण्यासकट. आशाताईंनी बाजूची गवताची जाळी उचकटली, मोबाइलचा उजेड आत मारला आणि मुलींना वाकायला सांगितलं. पृष्ठभागाला उलट्या टांगलेल्या बारीक अळ्या दिसत होत्या. पत्र्यावर टिचकी मारली तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळानं एकेक करत वर आल्या. त्यांत काही स्वल्पविरामासारखे वाकडे होते, ते कोष. कोष दिसले म्हणजे एक-दोन दिवसांत डास उडणार.

घरातल्या वहिनी म्हणाल्या, “पण आता कूलर चालवतेच कोन?”

“चालवत नाही न, तेच तं सांगून राहिली मी,” आशाताई म्हणाल्या.

टाकी उपसून झाल्यावर मला वाटलं, काम झालं. आशाताईंनी मात्र नारळाची शेंडी घेतली आणि पाण्याची रेघ जिथे होती तिथला पत्रा खसाखसा घासायला लावला. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेघेच्या किंचित वर ओल्या भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. हे मी फळ्यावर दरवर्षी लिहिते, पण घासायची शेंडी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. उपसलेलं पाणी त्यांनी नालीत नाही, कोरड्या मातीत ओतायला लावलं, म्हणजे अळ्या मरतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी कोरडी करायची. वस्तीत त्याला ‘कोरडा दिवस’च म्हणतात. जिथे पाणी ओतून देता येत नाही, त्या मोठ्या हौदात गप्पी मासे.

हा डास दिवसा चावतो, हेही मच्छरदाणीवर निर्धास्त असणाऱ्यांना सांगावं लागतं. आणि ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून आणून खाऊ नका, रक्तस्राव वाढतो. ताप उतरला की माणसं हुश्श करतात, पण डेंगीत धोका बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना. आशाताई हे प्रत्येक दारात सांगत होत्या, त्याच शब्दांत, न कंटाळता. पोस्टर आम्ही परत गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गणेशपेठ बसस्थानकावरून निघालो, मनसरला रामटेकचा फाटा सोडून पुढे गेलो. इथून वस्ती बरीचशी गोंड समाजाची, मध्ये जंगल. मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक, असा निकष आहे. ३,००० म्हणजे थोडेच, असं कागदावर वाटतं. एका टोल्यावरून (टोला म्हणजे वाडी) दुसऱ्या टोल्यावर चिखलातून चालत गेलं की मत बदलतं. चांगले बूट न्या, सँडल नको.

त्याच दिवशी माझं पोट बिघडलं. आदल्या संध्याकाळी एका गाडीवर बर्फाचा गोळा खाल्ला होता, मुलींना नको म्हणून मी एकटीनंच. उपकेंद्रात ओआरएसची, म्हणजे जुलाबात प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची, पुडी मागितली, फोडली आणि अर्धी ग्लासात ओतली. गावच्या आशाताईंनी ग्लास हातातून काढूनच घेतला. अख्खी पुडी, अख्खं लिटर. कमी पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होतं आणि बाळाला ते अपाय करू शकतं, जास्त पाण्यात कालवलं तर उपयोग नाही. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. माझ्या चारही विद्यार्थिनी समोर उभ्या होत्या. परीक्षेत हाच प्रश्न मी त्यांना दोन गुणांना घालते.

पण पुढची गोष्ट मला माहीत नव्हती. “लिटर म्हंजे किती, ते घरात कोनाले मालूम राहते?” म्हणून या बाईंनी आपल्या वाट्याच्या घरांत बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली नेऊन, ती घरातल्या गडव्यात ओतून, आतून लाल नेलपेंटची रेघ मारून ठेवली आहे. आम्ही पाच-सहा घरांत ते गडवे पाहिले. एका घरी दोन रेघा होत्या. दुसरी कशाची विचारलं तर पोरीनं स्वतःच हौसेनं मारलेली! आशाताईंनी ती तिथल्या तिथे खरवडली. मुलांना जुलाब झाले की ओआरएसबरोबर १४ दिवस झिंकच्या गोळ्या द्यायच्या असतात. आया तिसऱ्या दिवशी जुलाब थांबला की बंद करतात, म्हणून आशाताई मध्येच एखाद्या दिवशी गोळ्यांचं पाकीट मोजायला जातात.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातला जुना दुखरा विषय. २०२३च्या १ जुलैला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासणी त्याआधीपासूनच चालू होती. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर दोष आहे. पण नुसता वाहक (दोष आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला) असला तरी गढूळच होतं, म्हणून वाहक की रुग्ण हे ठरवायला पुढची तपासणी लागते. हा फरक समजावणं हेच खरं अवघड काम, कारण वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो आणि त्याला वाटतं, आपल्याला कशाला सांगतात.

आशाताईंनी ओच्यातून दोन चिंचोके काढले, मधोमध फोडलेले, पटावर खेळायला घेतात तसे. तपकिरी बाजू चांगली, पांढरी बाजू सिकलची. एक चिंचोका आईचा, एक बापाचा, दोघंही वाहक. ओसरीवर टाकले. दोन्ही तपकिरी, लेकरू निरोगी. एक पांढरा एक तपकिरी, वाहक. दोन्ही पांढरे पडले तर आजारी. चारात एकदा असं होण्याचा संभव असतो आणि तो प्रत्येक गरोदरपणात तेवढाच.

एका सुनेनं विचारलं, “पहिलं पोरगं आजारी निघालं, तं मंग दुसरं चांगलंच होईन न?”

“चिंचोक्याले मागचं आठवते काय?” असं म्हणून त्यांनी पुन्हा टाकले.

माझ्या मुलींनी आनुवंशिकतेचे चौकोन वहीत काढलेले आहेत. त्यातल्या एकीनं नंतर मला सांगितलं, की चौकोन तिला आज कळला.

रुग्ण मुलांच्या घरी सल्ला साधा असतो: पाणी भरपूर, थंडी-पावसात भिजणं नको, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, गोळ्या चुकवायच्या नाहीत. शाळेत बाटली भरून न्यायची आणि लघवीला जाऊ द्यायचं, एवढं गुरुजींना सांगायला आशाताई दरवर्षी जूनमध्ये शाळेत जातात.

पुरुष मात्र दिवसा घरी सापडत नाहीत. तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी, साखर, कमरेचा घेर तपासायचा असतो, तर माणसं शेतावर. म्हणून आशाताई आणि उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) संध्याकाळी पानठेल्यावर जातात. तिथे मोजपट्टी काढली की हशा पिकतो, पण एकानं मोजून घेतलं की बाकीचे रांगेत. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे, बायकांचा ८० च्या पुढे गेला तर जोखीम धरतात. बीपी एकदा १४०/९० आलं म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत, पुन्हा बोलावतात. त्याच ठेल्यावर खर्रा घोटला जातो: सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर हातानं चोळून. खर्र्यानं तोंड आखडलंय का ते बघायला एका चाळिशीच्या माणसाला सीएचओंनी तोंड उघडून तीन बोटं उभी घालायला सांगितली. दोनही जाईनात. ‘तिखट लागते’ एवढीच त्याची तक्रार होती. त्याला दुसऱ्याच दिवशी दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. कृपा करून अशा वेळी फोटो काढू नका. आमच्यातल्या एकीनं फोन काढला आणि ठेल्यावरची निम्मी माणसं उठून गेली.

उरलेलं भराभर सांगते. आशाताईंबरोबर जायचं तर सकाळी सात ते दहा, नंतर त्यांचं घर असतं. त्या सरकारी पगारदार नाहीत, बरंचसं मानधन कामाच्या हिशोबानं मिळतं, तेव्हा त्यांचा दिवस आपल्या चहापाण्यात घालवू नका. लसीकरणाचा दिवस आरोग्यसेविकेला आधी विचारून त्याभोवती सहल आखा. ग्रामपंचायतीत पाण्याच्या स्रोताला किती धोका आहे ते रंगानं सांगणारं कार्ड बघायला मागा: हिरवं, पिवळं की लाल. पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कुठे ठेवली आहे तेही बघा. पिशवी उघडी असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं, मग हजार लिटरला अडीच ग्रॅमचा हिशोब कागदावरच राहतो. भाषेचं भिऊ नका. ‘काहून’ म्हणजे का, ‘सांभार’ म्हणजे कोथिंबीर, तेवढं पुरतं. आणि संत्री आणायला सांगणाऱ्यांना आधीच कळवा, जुलैत मिळत नाहीत. संत्रा बर्फी मिळते.

निघताना आशाताईंनी मुलींना दोन चिंचोके दिले. वर्ध्यापासून भुसावळपर्यंत चौघींनी ते १०० वेळा टाकले आणि वहीत रेघा ओढल्या. दोन्ही पांढरे १९ वेळा आले. चिंचोक्याची एक बाजू फुगीर आणि एक सपाट, मग हिशोब बरोबर कसा येणार, वर्गात दाखवायला नाणीच घ्यावीत, असं दोघींचं म्हणणं. उरलेल्या दोघी चिंचोक्यावर ठाम होत्या. मनमाडला मी झोपले, तेव्हा वाद चालूच होता.