ढवळ्याला कुठे न्यायचं?

मे महिना, सकाळचे सात. फोनवर नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल भागातला एक शेतकरी. "डॉक्टर, बैल गेला. ट्रॅक्टर दारात उभाय. खोरीपाड्याला नेऊ ना?"

खोरीपाड्यात वनखातं आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी मेलेली गुरं टाकतात. 'गिधाड रेस्टॉरंट' म्हणतात त्याला. राखणीला गावातलीच पोरं. मी त्या भागातला गुरांचा डॉक्टर. मेलेलं जनावर तिकडे जायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो, शेवटच्या आठवड्यात सुई कुठली टोचली?

"कुठलीच नाही. झाडपाला दिला फक्त."

तरी मी गाडी काढली. ढवळ्या गोठ्यात आडवा. मानेवर हात फिरवला तर एका जागी गाठ लागली, सुपारीएवढी. मी काही बोललो नाही. कोपऱ्यात बसलेली म्हातारीच बोलली, "परवा रातच्याला त्यो सुईवाला पोरगा टोचून गेला नव्हं का!" आणि कुडाच्या भिंतीत खोचलेली पिशवी तिनं काढून दिली. आत माणसाच्या डायक्लोफिनॅकच्या, म्हणजे दुखण्यावरच्या औषधाच्या, फोडलेल्या काचकुप्या, तीन-तीन मिलीच्या. मोजल्या. सात.

जनावरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे. माणसांच्या नावानं मोठ्या बाटल्या गोठ्यात जायच्या म्हणून २०१५ मध्ये त्याही तीन मिलीवर आणल्या. आणि हा बहाद्दर सात फोडून बसला! मालकाचा राग तरी कसा करायचा? बैल लंगडत होता, ताप होता, रात्री अकराला मला फोन लावला असता तर मी उचललाच असता असं छातीठोक नाही सांगता येत.

दोन दिवसांपूर्वीचं औषध मांसात असणारच. असलं मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर धरतो, आणि पक्षी माना टाकतात. एका बैलावर अख्खा थवा बसतो, आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच.

"ढवळ्याला इथंच पुरावं लागेल," मी म्हणालो.

ट्रॅक्टरसोबत आलेला राखणीचा पोरगा गप्प झाला. पंधरा दिवस तिथं एकही जनावर पडलं नव्हतं, काल त्यानंच सांगितलेलं. वर बघितलं तर पाच गिधाडं घिरट्या घालत होती. मालक म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय? उन्हाळ्याची जमीन, खड्डा कोण खणणार?"

पोरानं शर्ट काढून खांबाला अडकवला आणि पहार उचलली.

वरची वीतभर माती गेली आणि मुरूम लागला. पहार नुसती टणटण वाजायची. तासाभरानं मालक स्वतः कुदळ घेऊन उतरला, मग शेजारचे दोघे. दुपारी एकला खड्डा छातीएवढा झाला. चुना टाकला, मीठ टाकलं. म्हातारीनं ढवळ्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. माती लोटेपर्यंत ती पाच गिधाडं वरच होती. पोरगा मान वर करून बघायचा आणि परत फावडं मारायचा.

श्रावणात त्याच मालकाचा फोन आला. गाय तापलेली.

"निघतोच," मी म्हणालो.

"या. आणि डॉक्टर, ते पिवळं आणा हां. राखणीचा पोरगा म्हणाला, पिवळं गिधाडांना चालतं."

मेलॉक्सिकॅम. रंगानं पिवळंच असतं ते.

गाय वाचली.