उसाच्या फडातली पिल्लं

आज जुन्नरजवळ ऊसतोड चालू असताना पाचटात बिबट्याची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडलेले, निळसर. टोळीने तोड तिथेच थांबवली. या भागात बिबट्याने माणसं मारलीत, भीती खरी आहे. तरीही कुणी पिल्लांना हात लावला नाही, याचं फार कौतुक वाटलं.

वर्षभर उभा ऊस, जवळ पाणी, खायला कुत्री नि डुकरं. मादीला लपायला आणखी काय हवं? उसात जन्मलेल्या पिल्लांना तेच रान.

संध्याकाळी वनखात्याने पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. अशी ठेवली की बहुतेकदा आई रात्री येऊन एकेक तोंडात धरून नेते. म्हणून कळकळीने सांगते, पिल्लं दिसली तर उचलू नका, वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. फोटोसाठी गर्दी झाली तर आई जवळ असूनही येत नाही.