काकांची फिफ्थ-व्हील: वीस वर्षांच्या ट्रेलरची तयारी आणि लडिंग्टनची पहिली सहल

मार्च २०२३ च्या शेवटी काकांचा फोन आला. "ट्रेलर घेऊन जा. माझे गुडघे आता ट्रकच्या हौद्यात चढू देत नाहीत, आणि परक्याला विकायला मन धजत नाही." काका-काकू १९७४ पासून मिशिगनमध्ये आहेत. ही अठ्ठावीस फुटी फिफ्थ-व्हील, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्यांनी २००३ साली नवी घेतली. आमच्या घरातल्या सगळ्या चुलत भावंडांनी तिच्यात कधी ना कधी काकूंच्या हातचं थालीपीठ खाल्लं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा ट्रेलर मागच्या बंपरला अडकत नाही. त्याचं पुढे आलेलं नाक ट्रकच्या हौद्यावर येतं आणि नाकाखालचा जाड पोलादी किंगपिन हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात बसतो. वजन थेट ट्रकच्या मागच्या आसावर येत असल्यामुळे ओढताना हेलकावे कमी बसतात. पण ते वजन पेलणारा ट्रक हवा.

किल्ल्यांसोबत काकांनी एक निळी वही दिली. ट्रेलरच्या कागदपत्रांइतकीच ती मोलाची आहे. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, कुठला फ्यूज कशाचा, हिटरचा व्हॉल्व्ह कोणत्या फळीमागे, सगळं काकांच्या बारीक अक्षरात. शेवटची नोंद सप्टेंबर २०१७ ची: "बेअरिंग ग्रीस. छत पाहिलं. पुढल्या वर्षी सीलंट." पुढची पानं कोरी. मला तिथेच कळलं की काम कुठून सुरू करायचं. घरातला ट्रेलर आहे, काकांनी जिवापाड जपला आहे, म्हणजे ठीकच असणार, असं धरून चालू नका. ज्या दिवशी नोंदी थांबल्या, त्या दिवसापासून त्याची काळजी थांबली आहे असं समजा.

"टायर नवेच आहेत," काका म्हणाले. दिसायलाही तसेच होते, खाचा खोल, कडा काळ्याभोर. मी आडवा पडून टायरच्या बाजूवरचा डॉट कोड शोधला. चारही टायरवर तो आतल्या बाजूला होता. शेवटचे चार आकडे २२१४, म्हणजे २०१४ चा बाविसावा आठवडा. नऊ वर्षांचे टायर. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्याउभ्या वय होऊन जातात. पाच-सहा वर्षांनी, खाचा कितीही खोल दिसोत, ते बदलायचे. दुकानदाराने टायर रिमवरून काढला तेव्हा आतल्या बाजूला बोटाच्या पेरभर लांबीच्या भेगा दिसल्या. बाहेरून त्यांचा मागमूसही नव्हता. रस्त्यात टायर फुटला तर नुसता टायर जात नाही, फुटलेलं रबर फटके मारत चाकावरचं लाकूड, वायरी, कधी पाण्याची पाइपसुद्धा फाडून नेतं. नवे टायर घेताना "एसटी" प्रकारचे, ट्रेलरचे म्हणूनच घ्या, आणि व्हॉल्व्ह धातूचे बसवून घ्या. माझे टायर लोड रेंज ई (वजन पेलण्याचा वर्ग) चे आहेत, थंड असताना ८० पीएसआय हवा भरतो.

चाकं निघालीच होती, म्हणून बेअरिंग आणि ब्रेकही उघडले. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी बेअरिंगचं ग्रीस बदलावं असा सर्वसाधारण नियम आहे, इथे साडेपाच वर्षं झाली होती. जुनं ग्रीस गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. सील नवे घातले. एका चाकाच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकचा चुंबक झिजून तांब्याची तार दिसायला लागली होती, तो बदलला. मग ब्रेकअवे स्विच तपासला. ट्रेलर ट्रकपासून सुटला तर या स्विचची पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पण त्यासाठी लागणारी वीज ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीतून येते. काकांची बॅटरी मेली होती, म्हणजे ही सोय असून नसल्यासारखी होती. पहिल्याच दिवशी नवी बॅटरी घ्या.

छतावर एक अख्खा शनिवार-रविवार गेला. छत रबराचं, ज्याला ईपीडीएम म्हणतात. झरोके, अँटेना, कडा, जिथे जिथे भोक आहे तिथलं जुनं सीलंट वाळून पापडासारखं तडकलं होतं. सुटं झालेलं प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, सौम्य साबणाने धुतलं, वाळवलं आणि वर आपोआप पसरणारं छताचं सीलंट घातलं. या रबरावर पेट्रोल-रॉकेलच्या जातीचं कुठलंही क्लीनर लावू नका, रबर फुगतं. साधं सिलिकॉनही नको, त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. पाणी कुठे मुरलं आहे हे आतून समजतं: कपाटांच्या कोपऱ्यात हात घाला, जमिनीवर अनवाणी चाला, बाहेरच्या भिंतीकडे उन्हात तिरकं बघा. आमच्या पलंगाच्या डोक्याकडचा कोपरा बोटाने दाबला तर बिस्किटासारखा दबत होता. तो उघडून दोन फूट प्लायवूड बदलावं लागलं.

गॅसच्या बाबतीत मी काहीही स्वतःवर घेतलं नाही, एवढं आवर्जून सांगतो. सिलिंडरच्या गळ्यावर तारीख कोरलेली असते. नवा सिलिंडर बारा वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावा लागतो, आमचे दोन्ही २००३ चे होते, ते सरळ बदलले. रेग्युलेटर आणि नळ्या नव्या. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघणं आपण करू शकतो, पण सगळ्या लाइनची दाबचाचणी जाणकाराकडून करून घ्या. हिटरच्या बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, मेकॅनिकने ते काढून दाखवलं. अशी नळी तुंबली तर ज्योत उलटी बाहेर येऊ शकते. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं टेस्टचं बटण दाबल्यावर ते वाजतात, तरी आतला सेन्सर संपलेला असू शकतो. मागची तारीख बघा. आम्ही सगळे अलार्म नवे घातले.

पाण्याची टाकी ४५ गॅलनची. पंधरा गॅलनला पाव कप या हिशेबाने पाऊण कप सुगंध न घातलेलं ब्लीच पाण्यात मिसळून टाकीत घातलं, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत धुतलं. पाणी भरण्याआधी पाण्याच्या हिटरचा बायपास (पाणी हिटरला वगळून नेणारा व्हॉल्व्ह) कुठल्या बाजूला आहे ते बघा, नाहीतर रिकामा हिटर पेटवला जातो आणि जळतो.

पडदे, गाद्या, रंग या गोष्टी बायकोने सुचवल्या तेव्हा आम्ही मिळून ठरवलं की यंदा काही नाही. काकूंचे निळ्या फुलांचे पडदे धुऊन परत लावले. सगळा खर्च साधारण २,९०० डॉलर झाला आणि त्यातला जवळजवळ सगळा चाकं, छत आणि गॅसवर.

ट्रकबद्दल एकच गोष्ट: "हा ट्रक इतके पौंड ओढतो" या जाहिरातीच्या आकड्यावर जाऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोडचा, म्हणजे ट्रकवर एकूण किती वजन चालेल त्याचा, स्टिकर असतो, तो आकडा खरा. माझ्या 'पाऊणटनी' म्हणवल्या जाणाऱ्या वर्गातल्या पिकअपवर ३,०५० पौंड लिहिलं आहे. ट्रक-स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर एकदा ट्रेलर लावून आणि एकदा काढून वजन केलं. किंगपिनवर १,९०० पौंड, ट्रेलरच्या चाकांवर ७,०४०. हिच १५० आणि आम्ही चौघं ५२० पौंड. म्हणजे ४८० पौंड शिल्लक. त्यात हौद्यातली लाकडं, सायकली, बर्फाची पेटी सगळं आलं.

मे महिन्यात पहिली रात्र मुद्दाम घरापासून अर्ध्या तासावर, प्राउड लेकला काढली. सिंकखालचा पाण्याचा एक जोड गळला, फ्रिज गॅसवर पेटायला दोन तास लागले, स्लाइड-आउट (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) एका बाजूने अडकत होती. तिन्ही गोष्टी घरी येऊन दुरुस्त केल्या. पहिली सहल जवळच करा, हे मी प्रत्येकाला सांगेन.

तिथून परत निघताना जे झालं ते मात्र नीट वाचा. ट्रक मागे घेतला, किंगपिन बसल्याचा "ठक" आवाज आला, हिचचा दांडा आत गेला. सगळं ठीक दिसत होतं. काकांच्या वहीत तांबड्या शाईत लिहिलं होतं: "पाय उचलण्याआधी ओढून बघणे." म्हणून ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम इंचभर वर ठेवले, चाकांखालचे ठोकळे तसेच ठेवले, ट्रेलरचा ब्रेक हाताने लावला आणि ट्रक हळूच पुढे घेतला. ट्रक एकटाच पुढे सरकला. ट्रेलर जिथल्या तिथे, इंचभर खाली, पायांवर टेकला. नाक जास्त उंच होतं म्हणून पिन जबड्याच्या वर राहिला होता. पाय पूर्ण उचलून निघालो असतो तर पावणेदोन हजारांहून अधिक पौंडांचं नाक हौद्याच्या कडांवर आदळलं असतं. आता हिचची पाटी ट्रेलरच्या पाटीपेक्षा अर्धा इंच उंच ठेवतो, म्हणजे ट्रेलर किंचित उचलला जातो. टॉर्च घेऊन जबडा पिनभोवती मिटल्याचं डोळ्यांनी बघतो आणि ओढून बघतो. प्रत्येक वेळी.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लडिंग्टन. नोव्हाय भागातून आय-९६ ने ग्रँड रॅपिड्स, मस्केगॉन आणि मग यूएस-३१ ने उत्तरेला. ताशी साठ मैलांच्या वर गेलो नाही. पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने हब (चाकांचे मधले भाग) किती तापले ते बघितलं. तीन १०८ ते ११२ अंश फॅरेनहाइट, उजवीकडचं मागचं १६०. ब्रेक घासत होता. चाक उचलून अॅडजस्टर दोन-तीन दाते सैल केला. पुढच्या थांब्याला चारही सारखे.

लडिंग्टन स्टेट पार्क मिशिगन सरोवर आणि हॅमलिन लेक यांच्या मधोमध आहे. जागा सहा महिने आधी राखता येते आणि उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांच्या जागा लगेच संपतात, तेव्हा तारीख लिहून ठेवा. जागेवर वीज मिळते, पण पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय प्रत्येक जागेला नाही. म्हणून आत शिरतानाच टाकी भरून घ्या. झाडं दाट आहेत. अठ्ठावीस फुटी ट्रेलर मागे घेताना बायको मागे उभी, मी खिडकी उघडी ठेवून, आणि ती दिसेनाशी झाली की ट्रक थांबलाच पाहिजे हा एकच नियम. तीस अँपच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॉट मिळतात, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. २००२ साली याच राज्यात सापडलेल्या एमराल्ड अॅश बोरर या किड्याने अॅशची झाडं कोट्यवधींनी मारली आहेत, आणि तो किडा दूरवर पसरतो तो मुख्यतः लाकडातून. तिथेच विकत घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिग सेबल पॉइंटच्या दीपगृहापर्यंत चालत गेलो. १८६७ चं, ११२ फूट उंच, पांढऱ्यावर काळा पट्टा. जाऊन-येऊन चारेक मैल वाळू, ऊन आणि एका बाजूला सतत सरोवर. पाणी जास्त घ्या. मुलगी शेवटची पाव वाट माझ्या पाठीवर होती. दुपारी मुलांनी नदीत ट्यूबवर तरंगण्याचा सपाटा लावला आणि रात्री छोट्या गॅसवर पिठलं-भात झाला. पाऊस आला तेव्हा मी उठून पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्याला हात लावून बघितला. कोरडा होता.

निघताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी ओतायच्या जागी, आधी ब्लॅक टँक (संडासाची), मग ग्रे (सिंक-शॉवरची) रिकामी करा, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. मुक्कामात ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि पाणी भरपूर वापरा.

घरी पोचल्यावर काकांना फोन केला. दीपगृहाचं, नदीचं सांगायला लागलो तर त्यांनी मधेच थांबवलं. "हब किती तापले?" मी चारही आकडे वाचून दाखवले, आधीचे आणि नंतरचे. ते थोडा वेळ गप्प राहिले. "उजवीकडचं मागचं ना? ते मलाही त्रास द्यायचं," म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.