डोळे मिटून काढलेला हात

मला चित्र काढता येत नाही हे आधीच सांगते. सातवीत वांगं काढलेलं, बाई म्हणल्या बटाटा छान आलाय, तिथंच विषय संपला. तरी या उन्हाळ्यात सहा रविवार जुळे सोलापुरात एका ताईंच्या घरी वरच्या खोलीत, अंगाला जाणवतं ते चित्रात काढायच्या क्लासला जाऊन कोळशानं हात काळे करून आले. कारण मार्चएंडला रिटर्न भरून भरून उजवं मनगट आणि मान पार गेली होती, आणि मैत्रीण म्हणली चल की, फुकटचा चहा तरी मिळंल.

पहिल्या दिवशी चित्र नाहीच. चादरीवर आडवं व्हायचं आणि पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेका जागेकडं नुसतं लक्ष द्यायचं. बॉडी स्कॅन म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी कोर्स काढला त्यातला हा भाग, आपल्या योगनिद्रेशी बराच जुळणारा. बाहेर ४३ डिग्री, वर फॅन, मी गुडघ्यापर्यंत पोचले आणि घोरायला लागले म्हणे. दुसऱ्या वेळी जागी राहिले तर कळलं की डाव्या करंगळीकडनं काहीच येत नाही, आणि आडवी पडूनसुद्धा माझे खांदे कानापाशी चढलेत!

मग हेअरपिनचा खेळ. पिनची दोन टोकं थोडी फाकवून मैत्रिणीनं पाठीला लावली तर मला एकच टोचतंय, आणि बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवर लावली तरी दोन वेगळी कळतात. पाठीवर साधारण चार सेंटिमीटर अंतर लागतं, कारण बोटांच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी यंत्रणा दाट आणि मेंदूतही त्यांना जागा जास्त. मला एकदम आप्पा आठवले. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे चार माग होते, आप्पा चादरीचं टोक अंगठा आणि बोटात धरून, तिकडं न बघता म्हणायचे बाणा (आडवा धागा) कमी बसलाय. मला ती शायनिंग वाटायची.

चौथ्या रविवारी डोळे मिटून स्वतःचा हात काढायचा, दिसतो तसा नाही, आतनं जाणवतो तसा. डोळे मिटून नाकाला बोट लावता येतं ना, स्नायू आणि सांध्यांतनं मेंदूला सारखी खबर जात असते, त्याच खबरीवर काढायचं. डोळे उघडले तर अंगठा भोपळ्याएवढा, करंगळी गायब, आणि मनगटावर कोळसा इतका दाबलेला की कागद फाटलेला. डॉक्टरला दुखणं सांगताना मला एवढं नीट कधी सांगता आलं नव्हतं. (मधे ताई एनर्जी वगैरे बोलायच्या, ते मी सोडून दिलं.) वासावर रेघ काढायची होती तेव्हा मी खलबत्त्यातल्या शेंगाचटणीला गोल गोल दाट काहीतरी काढलं, शेजारच्या काकूंनी कापराला नुसत्या उभ्या रेघा.

शेवटी आवाज. जुळे सोलापुरात कुठले माग, शांतता. पण कोळसा हातात घेतला आणि तळपायातनं खटखट वर आली, कारण आम्ही मागाच्या वर झोपायचो, फरशी रात्रभर थरथरायची आणि लाईट गेली, माग थांबले की आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. अर्धा तास तेच काढत बसले, आडवे उभे फटकारे, मधे लाईट गेली तेवढी कोरी पट्टी.

मनगट अजून दुखतं, पण माऊस धरल्यावर खांदे वर गेले की आता दहा मिनिटांत कळतं, आधी रात्री झोपताना कळायचं.

तो कागद आप्पांना दाखवला. मागाच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेलेत, म्हणून काय आहे ते ओरडून सांगितलं. ऐकलं का माहीत नाही. कागद अंगठा आणि बोटात धरून चोळला, काळा अंगठा बघितला आणि धोतराला पुसत म्हणले, “रंग पक्का नाही गं.”