कॉइलवर बर्फ धरतो तेव्हा: आधी हवा, मग गॅस

स्प्लिट एसी सुरू केल्यावर काही वेळ उत्तम गारवा येई, मग हवेचा झोत मंदावत जाई आणि पुढचे झाकण उघडले की कूलिंग कॉइलवर पांढरा थर दिसे. अशी तक्रार सांगितली की ‘गॅस कमी झाला असेल, भरून घ्या’ हेच उत्तर बहुधा मिळते. मलाही ते मिळाले, परंतु बर्फ कशामुळे धरतो हे कळल्याशिवाय गॅस भरायचा नाही असे मी ठरवले होते.

कॉइलच्या नळ्यांत द्रवरूप गॅस उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो खोलीतल्या हवेतून घेतो. सर्व काही सुरळीत असताना कॉइल शून्य अंशाच्या बरीच वर राहते, म्हणून हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊन निचऱ्याच्या नळीने वाहून जाते. कॉइल शून्याखाली गेली की तेच पाणी तिच्यावर गोठते. असे प्रामुख्याने दोन कारणांनी घडते: एक तर कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, किंवा नळ्यांतला दाब इतका उतरतो की गॅस शून्याखालीच उकळू लागतो. बर्फाने फिनांमधल्या, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमधल्या, फटी बुजल्या की हवा आणखी कमी होते, त्यामुळे बर्फ आणखी वाढतो, आणि न उकळलेला द्रव परत कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचून त्याच्या आतल्या भागांना इजा होऊ शकते. म्हणून बर्फ दिसत असताना एसी तसाच चालवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

प्रथम कूलिंग बंद करून फक्त पंखा चालू ठेवला आणि बर्फ पूर्ण वितळू दिला. तो खरवडून काढण्याचा मोह टाळावा, कारण ॲल्युमिनियमच्या फिना सहज वाकतात आणि टोकदार वस्तू नळीला लागली तर नवीनच गळती निर्माण होते. फिल्टर तर स्वच्छ होता, तरीही झोत क्षीण होता. टॉर्चच्या उजेडात हवेच्या तोंडातून आत पाहिले, तेव्हा ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या लांबट पंख्याच्या, पात्यांची आतली खोलगट बाजू धुळीच्या चिकट थराने भरलेली दिसली. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर आणि कॉइलची पुढची बाजू धुतली जाते, ब्लोअर मात्र तसाच राहतो, आणि हवा ढकलण्याचे सारे काम तर त्याचेच असते! वीजपुरवठा बंद करून मेकॅनिककडून ब्लोअर बाहेर काढून घेतला. कॉइलची ब्लोअरकडची बाजूही कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घेतली. त्याच वेळी कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर आपल्या खाचेतून निसटलेला आढळला. कॉइल गोठू लागताच कॉम्प्रेसर थांबवणे ज्याच्या सूचनेवर अवलंबून, तोच खोलीतली हवा मोजत होता. तो जागेवर बसवला.

यानंतर झोत जोरदार झाला, परंतु कॉम्प्रेसर मधूनमधून थांबू लागला. तो थांबण्याच्या सुमारास पाहिले, तर आता कॉइलच्या एकाच कोपऱ्यात, गॅस जिथून आत शिरतो तिथे, दव गोठलेले होते आणि उरलेली कॉइल कोरडी व कोमट होती. बाहेरच्या युनिटजवळची बारीक नळीही पांढरी पडली होती. हे लक्षण फार बोलके आहे. हवा कमी असेल तर बर्फ बहुधा साऱ्या कॉइलवर पसरतो आणि कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीपर्यंत जातो. गॅस कमी असेल तर तो सुरुवातीच्या नळ्यांवर धरतो आणि पुढे द्रवच उरत नाही. अगोदर हवेचा अडथळा दूर झाला नसता तर हा फरक दिसलाच नसता, आणि त्या अवस्थेत गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजवरचा आकडाही फसवा ठरला असता, कारण कमी हवेनेदेखील दाब उतरतो.

आता गेज लावणे सार्थ होते. आमच्या एसीत आर-32 हा गॅस आहे. त्याचे उकळणे शून्य अंशावर येते तो दाब सुमारे 103 पीएसआय असतो, आणि काटा त्याच्या खाली होता. मेकॅनिक लगेच गॅस भरायला तयार होते. मी त्यांना विनंती केली की बंद नळ्यांतला गॅस वापरून संपत नाही, तेव्हा तो कुठून गेला ते आधी पाहू या. त्यांनीही मनापासून शोध घेतला. बाहेरच्या युनिटच्या एका फ्लेअर नटभोवती (नळीचे रुंदावलेले तोंड, म्हणजे फ्लेअर, सांध्यावर आवळणारा नट) तेलकट डाग होता आणि साबणाचा फेस लावताच तिथे बुडबुडे आले. नट उघडल्यावर नळीच्या रुंदावलेल्या तोंडाला चीर गेलेली आढळली.

पुढचे काम घाईचे नव्हते. आर-32 काही प्रमाणात ज्वलनशील असल्याने आसपास ज्योत नको, हे पाळून उरलेला गॅस तो साठवण्याच्या रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढला, फ्लेअर नव्याने केला, नायट्रोजनच्या दाबावर सांधा तपासला आणि पंपाने नळ्या निर्वात करून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (अतिशय कमी दाब मोजण्याचे एकक) खाली नेऊन पंप बंद केल्यावरही टिकतो याची खात्री केली. मगच युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरला.

त्यानंतर दमट हवेत एसी रात्रभर चालवला. गेजचा काटा 120 पीएसआयच्या आसपास स्थिर राहिला, आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक 11 अंश भरला, आणि कॉइल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी ओली होती.