आजी गेली तेव्हा मी इथे होते

आजीला जाऊन आता बरेच दिवस झाले पण मला अजून ते खरंच वाटत नाहीये, आणि त्याचं कारण हळूहळू लक्षात येतंय. माझ्या इथल्या, परदेशातल्या घरात ती कधी आलीच नव्हती. त्यामुळे इथे तिची खुर्ची रिकामी पडलेली नाही की तिच्या औषधांची डबी आवरून ठेवायची नाही. तिकडे आई रोज तिच्या खोलीवरून जाते आणि तिला रोज नव्याने कळतं की आजी नाही, मला मात्र ते मुद्दाम आठवून स्वतःला सांगावं लागतं.

माझ्याकडे आजी होती ती फोनवरची. व्हिडिओ कॉल लावला तरी ती फोन कानालाच धरायची, म्हणून मला दिसायचा तिचा कान, त्यामागचे पांढरे केस आणि थोडंसं छत. "अगं आजी, समोर धर ना" म्हटलं की दोन मिनिटं समोर, परत कानाला. पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे किती वाजले, आणि शेवट पण ठरलेला, "ठेव आता, बिल येईल." इंटरनेटवर बिल येत नाही हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. अंत्यदर्शन मोबाईलवर घेतलं, चित्र मधेच अडकत होतं, मामेभावाचा हात थरथरत होता, आणि सगळे एकमेकांना धरून रडत असताना मी एकटी बेडवर बसून स्क्रीनकडे बघत होते.

मग ऑफिस. बऱ्याच ठिकाणी जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी रजा आईवडील, नवराबायको, मुलं यांच्यासाठी असते, आजीसाठी एखादा दिवस मिळाला तर मिळाला. लोक वय विचारतात आणि ऐकून "चांगलं आयुष्य जगल्या" म्हणतात. वाईट हेतू नसतो, पण त्यापुढे बोलायला जागाच उरत नाही. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ साली नेमकं यावरच लिहिलंय, की काही दुःखांना आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मोजतच नाहीत आणि म्हणून ती जास्त एकट्याने सोसावी लागतात. ते वाचून मला खरंच आधार वाटला. आणखी एक, मीटिंगमध्ये हसले की नंतर अपराधी वाटायचं, तर स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलंय की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यात असा येऊन जाऊनच असतो, त्यात गैर काही नाही.

तुमच्या आजीआजोबांचे व्हॉइस मेसेज असतील तर आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा प्लीज, बॅकअप नसेल तर फोन बदलताना ते जातात.

आणि घरच्यांना एक कळकळीची विनंती. लांब असलेल्याला टेन्शन नको म्हणून आजारपण लपवू नका. मला "थोडी कणकण आहे" एवढंच सांगितलं होतं. खरं कळलं असतं तर तिकीट काढलं असतं, किंवा निदान रोज फोन तरी केला असता. नंतरही सगळं सविस्तर सांगा, शेवटी ती काय बोलली, कोण जवळ होतं, कुठली साडी नेसवली. आम्ही तिथे नव्हतो, त्यामुळे आम्हाला तेवढंच मिळणार असतं. आई आता मला रोज थोडं थोडं सांगते, मधेच रडते, मग मी रडते, मग परत सांगते.