एकशे बारा नंबरची शहनाई

दिवाळी तोंडावर आली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची धावपळ सुरू होते. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत हेच चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांचं या रंगभूमीकडे लक्ष गेलं, पण इथल्या माणसाला ती नवी नव्हती. रंगमंचासमोर बसणाऱ्या वादकांचे कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि अलीकडे लॅपटॉप लावून देणं हे माझं काम. सीझन नसतो तेव्हा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो.

गेल्या सीझनआधी एका कंपनीचे ऑर्गन मास्तर माझ्याकडे आले. वय साठीच्या पुढचं. त्यांच्या कीबोर्डचा डिस्प्ले कधीच बंद पडला होता आणि तरीही ते त्यावर सीझनमागून सीझन वाजवत होते, कारण त्यांना आवाजांचे नंबर पाठ होते. आता बऱ्याच पट्ट्याही मुक्या झाल्या होत्या. मालकांनी लॅपटॉप आणि एकसष्ट पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, म्हणजे दाबलेली पट्टी आणि नंबर लॅपटॉपला कळवणारा, घेऊन दिला होता. मास्तरांनी पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक नाटकापुढे प्रवेश, आणि प्रवेशापुढे नंबर. १ पियानो, २१ रीड ऑर्गन, १०५ सतार, ११२ शहनाई. ही जनरल मिडीची यादी, १९९१ साली ठरलेली, एकूण १२८ आवाजांची. तेव्हापासून तिचा क्रम बदललेला नाही. मास्तरांना ते साल माहीत नव्हतं, पण त्या क्रमावर त्यांचं पोट चाललं होतं.

मी लॅपटॉपवर चार सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारी सॉफ्टवेअरं, टाकून ठेवले होते. सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड आणि यू-ही कंपनीचा हाइव्ह. स्टुडिओच्या डेस्कटॉपवर ऑम्निस्फिअर हा आणखी एक सिंथ आधीपासून आहे. आवाज कोणाचा चांगला हा वाद मला घालायचा नव्हता, चौघांचेही चांगले आहेत. मास्तरांचा हात कुठे अडतो आणि कुठे मोकळा चालतो ते मला बघायचं होतं. हेडफोन बाजूला ठेवून आवाज सरळ मोठ्या साउंडबॉक्सवर घेतला. बरेच प्रीसेट, म्हणजे सिंथमधले तयार आवाज, रिव्हर्बमध्ये म्हणजे घुमाऱ्यात इतके भिजवलेले असतात की हेडफोनवर स्वर्ग वाटतो आणि मैदानावर नुसता चिखल होतो. शिवाय जो प्रीसेट मोठ्या आवाजात भरलेला असतो तोच कानाला सरस वाटतो, म्हणून दर वेळी आवाजाची पातळी मी हाताने सारखी करत होतो. ब्राउझरची, म्हणजे सिंथमध्ये आवाज निवडायच्या खिडकीची, तुलना करणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं असं मला वाटतं.

सुरुवात सर्जपासून. नावावर क्लिक केलं की मेन्यू उघडतो. सिंथबरोबरच आलेले कारखान्याचे आवाज, इतरांनी केलेले, आपले स्वतःचे, आणि त्यांच्या आत बेस, लीड, पॅड अशा फांद्या. आवाज निवडला की मेन्यू मिटतो. पुढचा हवा असेल तर बाणाचं बटण आहे, आवडीसाठी बदाम आहे, आणि भिंगावर क्लिक केलं की नाव टाइप करून शोधता येतं. मी हे रोज वापरतो आणि मला ते चपळ वाटतं. मास्तर रोमन अक्षरं सावकाश वाचतात. त्यांना दर वेळी तीच फांदी पुन्हा चढावी लागत होती. तिसऱ्या फांदीवर त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

व्हायटलमध्ये ब्राउझर अख्खी खिडकी व्यापतो आणि आपण बंद करेपर्यंत उघडाच राहतो. डावीकडे फोल्डर आणि शैलींची बटणं, बाजूला यादी, आणि नाव, शैली, कर्ता, तारीख यांपैकी कशानेही ती लावता येते. इथे मास्तर रमले. एक हात पट्ट्यांवर, एक माउसवर, यादीतून उतरत गेले. मग मी कीजचं, म्हणजे पट्टीवाद्यांचं, बटण दाबून यादी लहान करून दाखवली. मघाशी सापडलेला आवाज वर सरकला. बटण काढलं तर परत खाली गेला.

"बाबू, हे पान हालते काहाले?"

मी सांगितलं, गाळणी लावली की नको ते निघून जातं आणि उरलेलं वर येतं. ते म्हणाले, "मले शोधाचं नाही, गाठाचं आहे."

हे ऐकून मी माझ्या स्टुलावर बसून राहिलो. इतकी वर्षं मी ब्राउझर तपासताना एकच बघत आलो, की हजारो आवाजांतून नवा आवाज किती लवकर हाती लागतो. २०१५ च्या ऑम्निस्फिअर टूमध्ये चौदा हजारांवर आवाज आहेत. एक आवाज धरून त्यासारखे दुसरे दाखव असं त्याला सांगता येतं, आणि स्टुडिओत पार्श्वसंगीत करताना मला त्याचा फार उपयोग होतो. पण मास्तरांच्या रात्री नवीन काही सापडायचं नसतं. खलनायक विंगेतून निघाला की त्याच्या तिसऱ्या पावलाला आवाज बदललेला पाहिजे. दिवा अंधुक, प्रॉम्प्टरचा आवाज कानात, पुढ्यात हजारो माणसं. तिथे हाताला जागा ठाऊक असावी लागते, आणि जागा हलली की हात चुकतो. स्वयंपाकघरात अंधारातही मिठाचा डबा सापडतो तो डब्यावरचं नाव वाचून सापडत नाही.

म्हणून पुढे डेक्स्ड उघडला तेव्हा मास्तरांचा चेहरा खुलला. डेक्स्ड म्हणजे १९८३ च्या यामाहा डीएक्स सेव्हनची नक्कल, तीही फुकट. मूळ वाद्यात एका वेळी ३२ आवाज मावायचे आणि प्रत्येकाचं नाव दहा अक्षरांत बसवावं लागायचं. ती मर्यादा डेक्स्डने तशीच ठेवली आहे. कार्ट्रिजची, म्हणजे त्या बत्तीस आवाजांच्या संचाची, खिडकी उघडली की बत्तीसही नावं चौकटींत समोर. गाळणी नाही, सरकणं नाही. कारखान्याच्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये इलेक्ट्रिक पियानो अकराव्या जागी आहे, तो उद्याही तिथेच असणार. दिसायला सर्वांत जुनाट असलेला हा ब्राउझर मास्तरांनी कोणाला न विचारता चालवला. चाळीस वर्षांपूर्वी स्मरणशक्तीची चिप महाग होती म्हणून जे करावं लागलं, ते आज रंगमंचावर बसणाऱ्या माणसाला सोयीचं पडतं. नवे ब्राउझर बांधणाऱ्यांनी याकडे गंभीरपणे पाहायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे.

पण डीएक्सच्या आवाजांवर अख्खं नाटक निघत नाही. शेवटी हाइव्ह.

यू-हीच्या सर्व मोठ्या सिंथमध्ये ब्राउझर जवळपास एकसारखा असतो. डावीकडे फोल्डर, मध्ये यादी, उजवीकडे माहिती. टॅगही, म्हणजे आवाजाला लावलेल्या चिठ्ठ्याही, आहेत, आणि त्यांत स्वभावाच्या जोड्या आहेत. उजळ की गडद, मऊ की आक्रमक. या जोड्या मी मराठीत सांगितल्याबरोबर मास्तरांनी आवाज वाटायला घेतले. हा आईच्या मरणाचा, हा मारामारीचा, हा विनोदी प्रवेशात पाहुणा येतो तेव्हाचा. वाद्यांची जात त्यांनी एकदाही विचारली नाही. आवडीच्या खुणा आठ रंगांच्या आहेत, त्या आम्ही आठ प्रकारच्या प्रवेशांना देऊन टाकल्या. आणि जो प्रीसेट नको त्याला कचरा म्हणून खूण करता येते, मग तो डोळ्यांसमोरून जातो पण पुसला जात नाही. मास्तरांनी ते बटण दुपारभर मन लावून वापरलं. डुबडुब करणारे, आपोआप धावणारे, शहरातल्या नाचाच्या हॉलसाठी केलेले आवाज एकेक करून गेले आणि यादी झाडीपट्टीची होत गेली.

तरीही यादी ती यादीच. माउस हातात घेऊन नाटक वाजवता येत नाही. इथे हाइव्हमधल्या एका फोल्डरने काम केलं, ज्याचं नाव मिडी प्रोग्राम्स. त्यात १२८ पर्यंत प्रीसेट ठेवले की सिंथ सुरू होताना ते सगळे स्मृतीत भरले जातात, आणि कीबोर्डवरून प्रोग्राम चेंजचा, म्हणजे आवाज बदलण्याचा, नंबर पाठवला की तो प्रीसेट लागतो. क्रम लागतो वर्णानुक्रमाने, त्यामुळे नावापुढे तीन आकडी अंक लिहायचा, ०००पासून १२७पर्यंत.

मी मास्तरांची वही मागून घेतली. क्रम आपल्याच हातात असेल तर नवीन कशाला पाठ करायचा? वहीत २१ला ऑर्गन आहे, तर फोल्डरमध्येही २१ व्या जागी ऑर्गन. फाइलचा अंक ०२०, कारण मोजणी शून्यापासून. ११२ला शहनाई, म्हणजे फाइल १११. एक अडचण होती. जागा अंकावरून ठरत नाही, क्रमावरून ठरते. मधल्या फाइल नसतील तर मागचे सगळे पुढे सरकतात. म्हणून वहीत नसलेल्या प्रत्येक नंबरला मी एक साधा आवाज भरणा म्हणून टाकला, तोही मंद ऑर्गनसारखा, चुकून लागला तर गाण्याला धक्का बसू नये असा. शहनाई अरुंद पल्स नावाच्या साध्या लहरीवरून बांधली, नाकातला सूर येण्यासाठी फिल्टर मधल्या पट्टीत आवळला, आणि दोन स्वरांमध्ये थोडी मींड दिली. उस्तादाची शहनाई ती नव्हे, पण मंगलाष्टकांच्या प्रवेशाला उभी राहते.

संध्याकाळी तालमीला गेलो. मास्तरांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटवलं, पडदा दिसणार नाही इतकं, आणि वहीप्रमाणे नंबर दाबत पहिला अंक काढला. एकही आवाज शोधावा लागला नाही. दुसऱ्या अंकात दिग्दर्शकांनी एक नवी लावणी घातली आणि तिला नवा आवाज हवा झाला. तो फोल्डरमध्ये टाकला, पण यात बदल केला की सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, तेवढ्या वेळात तबल्यावाल्याने ठेका धरून ठेवला. प्रयोगाच्या रात्री हे चालणार नाही, म्हणून भरण्याच्या जागांपैकी काहींमध्ये मी नंतर वेगवेगळ्या स्वभावाचे तयार आवाज बसवून दिले आणि त्यांचे नंबर मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले.

तेव्हापासून कुठल्याही वादकाचा लॅपटॉप हाती आला की मी आधी त्याची वही मागतो. काहींची वही नसते, नंबर डोक्यात असतात. मग त्यांना समोर बसवून एकेक प्रवेश वाजवायला लावतो, आणि ते सांगतात त्या जागी तो आवाज ठेवत जातो. दोघांचा क्रम अजून सारखा निघालेला नाही, त्यामुळे प्रत्येकाचा फोल्डर वेगळा.